अपघात मिळावा ही नम्र विनंती

शेठ माडांखालून जाताना हेल्मेट घालायचे. मोटारसायकल त्यांच्याकडे नव्हती, कधीच नव्हती. हेल्मेट होतं ते निव्वळ वाडीसाठी. घरापासून शेडपर्यंत शंभरेक पावलं आणि वाटेत अकरा माड. सकाळचा चहा झाला की काकी, म्हणजे त्यांची बायको, हेल्मेट पुसून हातात द्यायच्या आणि शेठ ते डोक्यावर चढवून, हनुवटीखाली पट्टा लावून, लुंगीवर कामाला निघायचे. गावातली माणसं हसायची. शेठ थांबून त्यांना सांगायचे, "हसा, हसा. नारल काय इचारून परतो?"

'परतो' म्हणजे पडतो. शेठ आगरी, वाडवडिलांपासून मिठागरवाले. त्यांच्या तोंडी 'ड'चा 'र' व्हायचा आणि 'ळ'चा 'ल'. गाडीची गारी, नारळाचा नारल, आणि 'मला'चं 'मना'. माझे वडील मराठीचे मास्तर; आमच्या घरी र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर जेवणं थांबायची. अशा घरातून मी अलिबागहून उठून शेठच्या शेडमध्ये कारकुनी करायला आले आणि पहिले सहा महिने माझे कान दुखत होते. पुढे सवय झाली. इतकी झाली की एकदा घरी मी वडिलांना "दार उघरा" म्हणाले. त्यांनी दार उघडलं, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेठ गाड्या बनवत. चार चाकांच्या, विजेवर चालणाऱ्या, तीन माणसं जेमतेम मावतील अशा. आधी वीसेक वर्षं त्यांचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर ओढत होते. ते सगळे विकून त्यांनी खाडीच्या कडेला पत्र्याची शेड घातली आणि हा उद्योग मांडला. गाडीचा लोखंडी सांगाडा शेठ स्वतः जोडायचे. वरचं फायबरचं अंग उस्मानचाचा ओतायचे. चाचा मूळचे होड्यांना फायबर लावणारे, मधली बरीच वर्षं मस्कतला काढून परतलेले. त्यांच्या हाताला होडीचंच वळण होतं, त्यामुळे गाडीचं पुढचं टोक थेट होडीच्या नाळेसारखं निघायचं. गावात तिला 'उलटी होडी' म्हणायचे. गिऱ्हाईक बघायला आलं की चाचा छातीवर हात ठेवून सांगत, "अल्लाकसम, बुडायची नाय." गाडीच्या बुडण्याचा प्रश्न कुठून आला, हे कुणी विचारत नसे.

माझी मुलाखत त्या गाडीतच झाली. आधी शेठनी माझ्यासाठी खुर्ची मांडली, दोन्ही हातांनी ती गदागदा हलवून पाहिली, पाय तपासले, आणि मग म्हणाले, "बस. नको, र्‍हाऊ दे, गारीतच बस." गाडीतून वाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "भीती वाटली. आता समुद्राकडे वळेल असं वाटत होतं." शेठ खूश झाले. "आधी चार जनी येऊन गेल्या. चौघी बोलल्या, छान हाय. खोटा बोलनारी मना नको. सोमवारपासून ये, बाय."

खुर्ची हलवण्याची त्यांची खोड सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. लग्नाला गेले की आहेर देण्याआधी ते स्टेजच्या फळ्या पायानं दाबून बघत, आणि नवरा-नवरी घाबरून एकमेकांचा हात धरत. एकदा एका घरी भेटायला गेलो होतो, घरचं माणूस गेलं होतं. शेठनी नेहमीसारखी प्लास्टिकची खुर्ची हलवली आणि तिचा पाय त्यांच्या हातात आला. रडणारी माणसं रडायची थांबली. शेठ पाय हातात धरून गंभीरपणे म्हणाले, "बगा. आतापावेतो कोनतरी बसला असता." मयताचा मुलगा तोंडाला रुमाल लावून आत पळाला. तो रडायला गेला नव्हता.

गाडी ताशी पंचवीसच्या वर जायची नाही, तशी तजवीजच केलेली होती. "पंचवीसपावेतो कायदा झोपलेला आसतो, बाय. सव्वीसला उठून बसतो." त्यामुळे गावानं त्यांचं नाव ठेवलं होतं पंचवीसशेठ. उताराला गाडी आपोआप सत्तावीसवर गेली की शेठ ब्रेक मारत आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघत. एकदा मी शेजारी बसले असताना मागून मोपेडवर मासळीवाली आली. तिनं बरोबरीनं चालवत शेठना "बोंबील घेता का?" विचारलं, भाव ठरला, पिशवी माझ्या मांडीवर आली, आणि "येते हां" म्हणून ती पुढे निघून गेली. आम्ही चालतच होतो.

पण कायद्याची ती झोप दोन चाकांच्या स्कूटरपुरती होती, हे शेठना पैसे घालून बसल्यावर कळलं. चार चाकं आणि वर टप असेल तर कायदा टक्क जागा असतो. चार चाकांच्या गाडीला आघात चाचणी लागते. म्हणजे गाडी वेगात भिंतीवर आपटायची, आत माणसांच्या जागी बाहुले बसवायचे, त्यांचं काय होतं ते बघायचं, आणि मग ती रस्त्यावर आणू द्यायची की नाही ते ठरवायचं. त्यात एक पळवाट होती. वर्षाला मोजक्याच गाड्या करणाऱ्या लहान कारखानदारांना या चाचणीतून वगळता येत होतं. अर्ज करायचा, कारणं द्यायची. त्या अर्जासाठी तर मला नेमलं होतं.

मला हे सगळं अजब वाटायचं. जो माणूस हलवून बघितल्याशिवाय खुर्चीत बसत नाही, तो सरकारला लिहितो की माझी गाडी तपासू नका! एकदा मी तसं तोंडावर बोलले. शेठ चिडले नाहीत. पांढऱ्या गाडीच्या दारावरून हात फिरवत म्हणाले, "मोठ्या कंपनीची एक फुटली तर मागून हजार येतात. माज्या तीन हायत. चार चार म्हयने एकेकीला लागले. ही आपटाया देऊ? पोरगी दिली आसती कोनी असा बोलून, की आधी आपटून बगतो?"

तीन गाड्या म्हणजे पिवळी, पांढरी आणि निळी. निळी सगळ्यात देखणी. किहीमच्या एका रिसॉर्टवाल्यानं ती पाहून तशा सहा गाड्या मागितल्या होत्या, पाहुण्यांना वाडीतून किनाऱ्यावर न्यायला. निळी आधी, बाकीच्या मागून. अट एकच, रस्त्यावर चालवायला सरकारी कागद हवा आणि तो दिवाळीच्या सीझनआधी हवा. ही ऑर्डर मिळाली तर शेड चालणार, नाहीतर पत्रे उतरवून विकायचे, हे शेठनी आम्हाला आधीच सांगून टाकलं होतं. चाचांचं फायबर, माझा पगार, शेठचं सगळं आयुष्य त्या एका कागदावर टांगलेलं होतं.

अर्ज लिहिताना आमचं पहिलं भांडण शब्दावरून झालं. मी लिहिलं होतं, 'चाचणीतून सूट मिळावी.' शेठना 'सूट' चालेना. "सूट म्हंजे दुकानातली. साडीवर सूट, फ्रिजवर सूट. मी काय सेल लावलाय? दुसरा शबूद काढ." मी 'अपवाद' सुचवला. 'सदर वाहनाचा अपवाद करण्यात यावा.' हा शब्द त्यांना इतका आवडला की दिवसभर तो तोंडात घोळवत होते. फक्त तो त्यांच्या तोंडून 'अपवात' असा बाहेर पडायचा. मी दुरुस्त करायची, ते मान डोलवायचे आणि पुन्हा 'अपवात' म्हणायचे.

असे तीन अर्ज मी केले. प्रत्येक अर्ज वडिलांना दाखवून आणत असे. एका ठिकाणी अनुस्वाराची चूक नव्हती. एकाचंही उत्तर आलं नाही. शेठ म्हणायचे, "कायदा म्हंजे भरती. तिच्याशी भांरायचा न्हाय. मिठागरात पानी घ्यायची झरप कवा उघरायची तेवरा समजला पायजे." पण महिने चालले होते आणि किहीमहून फोनवर फोन येत होते.

मग मी मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस दिवेआगरला गेले. त्या चार दिवसांत शेठना शोध लागला की फोनमध्ये बोललं की फोनच लिहितो. त्यांनी चौथा अर्ज स्वतः सांगितला आणि स्वतःच पाठवला. मी परत आले तेव्हा अभिमानानं फोन माझ्यापुढे धरला. फोननं त्यांची सगळी बोली सुधारली होती. प्रत्येक 'गारी'ची 'गाडी' केली होती, आणि त्याच हुशारीत प्रत्येक 'अपवात'चा 'अपघात' केला होता. तो अर्ज मला अजून पाठ आहे.

'महोदय, मी एक लहान कारखानदार आहे. माझ्या विजेच्या गाडीला अपघात मिळावा म्हणून मी तीन अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. सरकार लहान कारखानदारांना अपघात देतं असं मी ऐकतो. दुसऱ्यांना अपघात मिळतो, मग मलाच का नाही? माझं वय झालं. डोळे मिटायच्या आत एक तरी अपघात पदरात पडावा एवढीच इच्छा आहे. किहीमचे गिऱ्हाईक अपघाताची वाट बघत आहे. तरी लवकरात लवकर अपघात मिळावा ही नम्र विनंती.'

मी डोकं धरून बसले. शेठना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पन बाकी चांगला लिवलाय ना?" मी संतापून त्यांना म्हटलं की आता जन्मात उत्तर येणार नाही.

आठव्या दिवशी एक साहेब स्वतः हजर झाले. माझ्या तीन निर्दोष अर्जांना उत्तर नाही आणि या एका अर्जाला माणूस चालत आला, याचं दुःख मी अजून विसरलेले नाही. शेठनी साहेबांची खुर्ची हलवून पाहिली. साहेब सावध होऊन बसले आणि बॅगेतून कागद काढून म्हणाले, "तर आपल्याला अपघात हवा आहे."

"व्हय साएब. अपवात."

"किती हवेत?"

"एकच पुरे. सगल्या गाऱ्यांना मिलून एक."

मला राहवलं नाही. मी मध्ये पडून सगळा घोळ सांगितला. साहेब चष्मा काढून बराच वेळ हसले. म्हणाले, "आमच्याकडे ढिगानं अर्ज येतात. शेवटपर्यंत वाचला गेलेला हा पहिलाच. सगळ्या ऑफिसनं वाचला." मग त्यांनी तिन्ही गाड्या फिरून बघितल्या, एकीत बसून वाडीत चक्कर मारली आणि शेठना सांगितलं की ते नियमात बसतात. गाडी फोडायची गरज नाही. एका घोषणापत्रावर सही करायची की सूट मंजूर. काकींनी खुशीत चहाबरोबर चकल्या आणल्या. उस्मानचाचांनी आकाशाकडे बघून तोंडावरून हात फिरवला. मी पेनाचं टोपण काढून पेन शेठच्या हातात दिलं.

"वाच," शेठ मला म्हणाले.

मी वाचलं. 'मी असे खात्रीपूर्वक घोषित करतो की, सदर वाहनास अपघात झाल्यास त्यातील आसने व पट्टे प्रवाशांस जागेवर धरून ठेवतील...'

"कोन घोसित करतो?"

"तुम्ही."

"म्हंजे सरकार बगनार न्हाय. मीच सांगायचा."

"बरोबर," साहेब म्हणाले. "हीच तर सूट आहे."

"पन मना कुटं म्हाईत हाय?"

साहेबांनी चकली खाली ठेवली. "अहो, सगळे सही करतात."

"त्यांनी बगितला आसंल," शेठ म्हणाले आणि टोपण लावून पेन मला परत दिलं.

साहेब उठले. महिनाअखेरपर्यंत कागद पाठवा, म्हणाले आणि गेले. मी खरं सांगते, मला शेठचा भयंकर राग आला. एवढे महिने ज्याच्यासाठी घालवले ते दारात आलं आणि हा माणूस म्हणतो, माहीत नाही! त्या संध्याकाळी मी काकींसमोर सगळा राग काढला. काकी मासे साफ करत होत्या. मान वर न करता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, शेठनी कधीच न सांगितलेली. त्यांच्या एका ट्रेलरवर एक ड्रायवर होता, शेठचा लहानपणापासूनचा दोस्त. वडखळच्या पुढे ट्रेलर धडकला. फार वेग नव्हता. दोस्तानं पट्टा बांधलेला होता. पट्ट्यासकट सीटच उपटून आली. "त्या सीटवर तीन वर्सा लोक बसत व्हते, बाय," काकी म्हणाल्या. "कोनी कवा हलवून बगितली नव्हती." मी भांडी उचलायला मदत केली आणि घरी आले. राग पुरता गेला नव्हता.

तीन दिवसांनी शेठनी भावाच्या मिठागरातून मिठाची पोती आणली. पिवळी गाडी बाहेर काढली, एक पोतं ड्रायवरच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला, आणि पोत्याच्या तोंडावर गमछानं एक सोललेला नारळ आवळून बांधला. चाचा लांबून बघून म्हणाले, "शेठ, ह्यो ड्रायवर तुमच्यागतच दिसतो." वाडीच्या टोकाला कुंपणाची भिंत म्हणून जांभ्या दगडांचा जुना गडगा होता. गाडी त्याच्यासमोर उभी केली, स्टिअरिंग दोरीनं बांधून सरळ केलं. शेठना स्वतः आत बसायचं होतं. काकींनी त्यांचं हेल्मेट काढून घेतलं, तेव्हा कुठे ते थांबले. चाचांनी काठीनं पेडलवर वीट ढकलली आणि बाजूला उडी मारली.

आम्ही सगळेच पंचवीसला हसत आलो होतो. पंचवीस म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळलं. असा आवाज झाला की वाडीतले सगळे कावळे उठले. उलट्या होडीची नाळ फुटून आत गेली. ड्रायवरचं पोतं सीटसकट पुढे आपटलं, फाटलं, आणि मीठ सगळीकडे पांढरं पांढरं पसरलं. नारळाची दोन शकलं गडग्यापाशी पडली होती.

इथे आमच्याकडून जी चूक झाली ती आमच्याच मुलखात होऊ शकते. नव्या गाडीपुढे नारळ फुटला की पुढे काय करायचं हे आमच्या हातांना पाठ आहे, त्याला डोकं लागत नाही. काकींनी शकलं उचलली, खोबरं काढलं, साखर आणली आणि सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. मीही घेतला, चाचांनीही घेतला. "चांगला फुटला," काकी म्हणाल्या. "सरल दोन तुकरे. शुभ झाला."

शेठ फुटलेल्या गाडीत वाकून बोल्ट बघत होते. त्यांनी वळून आमच्या तोंडाकडे पाहिलं. "अरे, डोका व्हता तो!" ते ओरडले. "डोका खाता तुमी!"

माझ्या तोंडात अर्धा तुकडा होता. गिळवेना आणि थुंकवेना. चाचांनी हळूच आपला तुकडा खिशात घातला. हसू येत होतं आणि कुणी हसलं नाही. सीटचे चारही बोल्ट फायबरमधून उपटून आले होते. शेठ ते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ उभे होते.

पंधरा दिवस शेठ आणि चाचा पांढऱ्या गाडीखाली झोपून होते. सीटखाली लोखंडी पट्ट्या घातल्या, बोल्ट सांगाड्यातून आरपार नेले. पांढरी आपटली तेव्हा सीट जागची हलली नाही. पण पोतं पट्ट्याखालून घसरलं आणि नारळ स्टिअरिंगवर फुटला. यावेळी प्रसाद कुणी वाटला नाही. शेठ म्हणाले, पट्ट्याची जागा चुकली. मग निळीच्या पट्ट्यांची जागा बदलली.

महिना संपायला चार दिवस होते. मी शेठच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. "आता सुधारणा केलीत ना? निळी ठेवा. सही करा. किहीमवाला सोमवारी गाडी न्यायला येतोय."

"दुसरीत डोका फुटला, बाय. तिसरी बगितली न्हाय तर सही कशावर करू?"

"निळी गेली तर द्यायला काय आहे तुमच्याकडे?"

ते उठून निळीपाशी गेले. सकाळी जाऊन पाहते तो काकी निळी गाडी ओल्या फडक्यानं पुसत होत्या. आरसे, दिवे, चाकांच्या वाट्यासुद्धा. आपटायचीच आहे तर कशाला, असं मी विचारलं. काकी म्हणाल्या, "आसूं दे गो." शेठ तेव्हा शेडमागे गेले ते गाडी पुसून होईपर्यंत आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते.

निळीही तशीच गडग्यावर गेली, तोच आवाज, तसेच कावळे. नाळ चेपून आत आली. पण पोतं जागेवर होतं. नारळ पट्ट्यापुढे झुकून पुन्हा मागे आला आणि गमछात तसाच बसून राहिला, अख्खा. शेठनी दोन्ही हातांनी सीट धरली आणि गदागदा हलवली. सगळं अंग लावून हलवली. मग मला म्हणाले, "पेन दे." फुटलेल्या बोनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. ती थोडी वाकडी आली आहे.

सोमवारी किहीमवाला आला. त्यानं फाटकातून आत पाहिलं, तीन चेपलेल्या गाड्या, जमिनीवर मीठ. शेठनी त्याला हाताला धरून एकेक गाडी दाखवली, कुठला बोल्ट कुठे होता, कुठल्या नारळाचं काय झालं, आणि शेवटी शाबूत नारळ त्याच्या हातात दिला. बिचारा तो नारळ धरून उभा राहिला. "शेठ, मला दिवाळीला गाड्या पाहिजेत," तो म्हणाला. "नारळ नकोत." शेठनी चार महिने मागितले. त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्यानं बाहेरच्या कुठल्यातरी कंपनीच्या तयार गाड्या घेतल्या, असं नंतर कळलं. सीझन गेला आणि ऑर्डरही गेली.

पोस्टमननं सरकारी पाकीट आणलं ते किहीमवाला येऊन गेल्यावर आठवड्यानं. शेडमध्ये आम्ही तिघंच होतो आणि मध्ये मोकळी जमीन. मी पाकीट फोडून मोठ्यानं वाचलं. 'उपरोक्त लहान उत्पादकाने निर्मिलेल्या वाहनास आघात चाचणीतून सूट देण्यात येत आहे.' भाषा निर्दोष होती. वाचता वाचता माझा आवाज चढला आणि मग मी आवरलंच नाही.

"शेठ, चाचणी नको म्हणून वर्षभर अर्ज केले ना आपण? मग तिन्ही गाड्या का फोडल्यात? आणि फोडायच्याच होत्या तर सूट कशाला मागितलीत? हा कागद आता कुठल्या गाडीवर चिकटवू? आहे का एक तरी?"

शेठनी कागद माझ्या हातातून घेतला. उलटसुलट करून पाहिला, नीट घडी घातली आणि मला परत दिला.

"सूट गारीला मिलली, बाय," ते म्हणाले. "मना न्हाय."

मग त्यांनी लुंगी खोचली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "चाचा, साचा बाहेर काढा."

उस्मानचाचा बिस्मिल्ला म्हणून उठले आणि दोघं मिळून साचा ओढायला लागले. तो जड होता, दोघांना आवरेना. मी कागद टेबलावर ठेवून तिसरी बाजू धरली. त्या चौथ्या गाडीला गिऱ्हाईक नव्हतं, पुढच्या महिन्याच्या पगाराचाही भरवसा नव्हता, आणि तरी साचा ओढताना मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.